तीस वाक्यांत हेतू मोजणारी प्रश्नावली: मुंबईतल्या संस्थांनी ती वापरावी का?

स्वयंसेवक का यायचं म्हणतात, याचं उत्तर बहुतेक संस्थांच्या अर्जात एकाच ओळीत सापडतं: 'समाजासाठी काहीतरी करायचं आहे.' ओळ खोटी नसते, फक्त कामाची नसते. रविवारी सकाळी सातला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कोण उभं राहील, बुधवारी दुपारी परळच्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीशी कोण बसेल, दिवाळीनंतर वस्तीतल्या वर्गावर कोण परत येईल, यातलं काहीही त्या ओळीवरून कळत नाही. मग तयार प्रश्नावलीचा शोध सुरू होतो आणि तो हमखास एकाच नावापाशी थांबतो: व्हॉलंटिअर फंक्शन्स इन्व्हेंटरी, थोडक्यात व्हीएफआय.

म्हटलं तर दोन पानांचा कागद. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांचे सहकारी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली तो शोधनिबंधात छापला. तीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे. १ म्हणजे 'माझ्या बाबतीत अजिबात महत्त्वाचं नाही', ७ म्हणजे 'फारच महत्त्वाचं'. वाक्यं सहा हेतूंमध्ये पाच-पाच अशी वाटलेली आहेत, म्हणून एकेका हेतूची बेरीज ५ ते ३५ च्या दरम्यान येते. त्यामागची कल्पना साधी: एकच काम दोन माणसं दोन निराळ्या गरजांपोटी करतात आणि ज्याची जी गरज, ती त्या कामातून भागली तर तो टिकतो.

सहा हेतूंना मराठीत सुटसुटीत नावं द्यायची तर मूल्यं, शिकणं, करिअर, आपली माणसं, विसावा आणि उभारी. मूल्यं म्हणजे गरजूंविषयीची कळकळ. शिकणं म्हणजे नवं काही कळावं, वेगळ्या माणसांशी वागता यावं ही ओढ. करिअर सांगायला नकोच. आपली माणसं म्हणजे मित्र जातात, घरचे हे काम मानतात, म्हणून मीही जातो. विसाव्यात एकटेपणा, मनातली टोचणी, स्वतःच्या कटकटी यांपासून थोडी सुटका शोधली जाते. उभारीत आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, आपल्याला किंमत आहे, असं वाटणं येतं. शेवटच्या दोघांत गल्लत होते. विसावा मनाचं वाईट कमी करतो, उभारी चांगलं वाढवते. एवढं धरून ठेवलं की पुरे.

बेरजेची किल्ली अशी. मूल्यं: ३, ८, १६, १९, २२. शिकणं: १२, १४, १८, २५, ३०. करिअर: १, १०, १५, २१, २८. आपली माणसं: २, ४, ६, १७, २३. विसावा: ७, ९, ११, २०, २४. उभारी: ५, १३, २६, २७, २९. किल्ली समोर न ठेवता अंदाजाने बेरीज करणारा इथे दोन ठिकाणी हमखास फसतो. नवे मित्र जोडण्याबद्दलचं २९ वं वाक्य 'आपली माणसं'मध्ये जाईल असं वाटतं, पण ते उभारीत मोजायचं आहे. आधीपासून असलेल्या माणसांचा आग्रह आणि नवी माणसं मिळवण्याची हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच एकटेपणाचं ९ वं वाक्य विसाव्यात जातं. ही दोन इकडची तिकडे झाली की कॉलेजच्या मुलांच्या आकड्यांचा अर्थच बदलतो, कारण नेमकं २९ वर ही मुलं भरभरून गुण देतात.

पाचातलं एक उत्तर कोरं राहिलं तर उरलेल्या चारांची सरासरी काढून तिला पाचाने गुणा. दोन कोरी असतील तर त्या माणसाचा तो हेतू मोजूच नका.

आता भाषांतर. मुंबईत या साधनाची खरी परीक्षा इथे होते. घाईत मशीनवर भाषांतर केलेला कागद वाटला की निम्मी वाक्यं पाठ्यपुस्तकासारखी वाटतात आणि माणूस सगळीकडे ६ ला गोल करून मोकळा होतो. काही वाक्यं तर शब्दाला शब्द लावून येतच नाहीत. पहिल्याच वाक्यात इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचा मतलब 'जिथे नोकरी हवी तिथे ओळख होईल' एवढाच. आत्मप्रतिष्ठेच्या वाक्यात 'आत्मसन्मान' घातलं की मानापमानाची गोष्ट होते. 'स्वतःबद्दल बरं मत होतं' हे जवळचं. ज्या प्रश्नासाठी काम चालतं त्याला इंग्रजीत 'कॉज' हा एक छोटा शब्द आहे, मराठीत नाही. तिथे संस्थेच्या कामाचं नावच घालावं, 'अंध विद्यार्थ्यांचं शिक्षण', 'किनाऱ्याची सफाई' असं. अकरावं वाक्य मुळातच दुहेरी आहे: आपलं इतरांपेक्षा बरं चाललं आहे आणि त्याची टोचणी लागते, या दोन्ही गोष्टी मान्य असलेल्यालाच त्याचं उत्तर देता येतं. 'अपराधीपणा' हा शब्द वाचून ज्येष्ठ मंडळी थबकतात. 'आपल्याला मिळालं, त्यांना नाही, हे खुपतं' असं लिहिलं तर अडत नाही.

आणि 'स्वयंसेवक' हा शब्द. तो वाचताच अनेकांना कामाआधी एक संघटना आठवते. लालबाग-परळच्या मंडळात राबणारा स्वतःला कार्यकर्ता म्हणवतो, मठात जाणारा सेवेकरी, कॉलेजातला व्हॉलंटिअर. सगळ्यांना एकच कागद द्यायचा असेल तर 'हे विनामोबदला काम' एवढंच लिहावं.

रीत अशी ठेवा: दोघांनी एकमेकांना न दाखवता भाषांतर करायचं, दोन्हींतून एक मसुदा पक्का करायचा, मूळ कागद न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत आणायचा आणि जिथे अर्थ सरकला तिथे मराठी बदलायची. मग पाच-सहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं. दोन संध्याकाळींचं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचे आकडे फुकट.

साधनातला एक मोठा दोष भाषांतराने जात नाही. तीसही वाक्यं एकाच दिशेची आहेत. उलट अर्थाचं एकही नाही. 'मला गरजूंबद्दल कणव वाटते' यापुढे २ ला गोल कोण करेल? म्हणूनच जगभर मूल्यांची बेरीज बहुधा सगळ्यांत वर येते. त्यात सच्चेपणा आहे तसा लाजेचाही वाटा आहे. उलट, काम केल्याने मला महत्त्व येतं, या अर्थाच्या पाचव्या वाक्यापुढे मराठी माणूस मान्य असूनही ३ च्या पुढे सरकत नाही. दोन तोडगे. एक, कागदावर नाव न घेता फक्त क्रमांक घ्या आणि भरती पक्की झाल्यावरच कागद द्या. निवडीसाठी वापरलात तर प्रत्येक जण संत होईल. दोन, कच्च्या बेरजेऐवजी माणसाच्या स्वतःच्या सरासरीशी तुलना करा.

समजा एकाच्या बेरजा अशा आल्या: मूल्यं ३४, शिकणं ३१, उभारी २६, आपली माणसं १८, विसावा १७, करिअर १२. एकूण १३८, भागिले ३०, म्हणजे सरासरी ४.६. आता प्रत्येक बेरजेला ५ ने भागून त्यातून ४.६ वजा करा. मूल्यं अधिक २.२, शिकणं अधिक १.६, उभारी अधिक ०.६, आपली माणसं उणे १.०, विसावा उणे १.२, करिअर उणे २.२. सहांची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर कुठेतरी चूक आहे. आता सगळीकडे ६-७ देणारा उत्साही आणि सगळीकडे ३-४ देणारा सावध, दोघांना एकाच मापाने पाहता येतं. मूल्यं सगळ्यांचीच वर असतात, तेव्हा काम ठरवताना त्याखालचा दुसरा आणि तिसरा आकडा वाचा. वरच्या उदाहरणात काम ठरवायचं आहे ते शिकण्यावरून.

काम नेमून देण्यासाठी हा कागद खरोखर चांगला आहे. 'आपली माणसं' वर असलेल्याला एकट्याने करायचं काम देऊ नका. श्राव्य पुस्तकांचं वाचन घरी बसून ध्वनिमुद्रित करणारा महिन्याभरात गळतो, तोच विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर निर्माल्य गोळा करायला पाच मित्र घेऊन येतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. करिअरचा आकडा वर असलेल्यांकडे संस्था उगाच नाक मुरडतात. त्यांना प्रमाणपत्र हवं असतं म्हणून ते वेळेवर येतात. पत्रावर नेमकं काय केलं, किती तास, कुणाच्या हाताखाली, हे लिहून द्यायचं आधीच ठरवा. नुसत्या 'सहभागाबद्दल अभिनंदन' अशा कागदाने त्यांचं भागत नाही. उभारी वर असेल तर त्याला काम पोचलेल्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. गोदामात कपड्यांच्या चळती लावून तो सुकतो.

विसावा वर आला तर मात्र थांबून विचार करा. तो अपात्र ठरवण्याचा आकडा नव्हे. पण नुकतंच घरात दुःख झालेला माणूस ते विसरायला कर्करोगाच्या वॉर्डात गेला, तर त्याच्या आणि रुग्णाच्या, दोघांच्याही वाट्याला त्रास येतो. रुग्णालयातच पण खाटेपासून दूर असलेली कामं भरपूर असतात: अर्ज भरून देणं, तपासणीच्या खोलीचा रस्ता दाखवणं, बाहेरगावहून आलेल्या कुटुंबाला धर्मशाळेची चौकशी करून देणं. सुरुवात तिथून. आणि हा आकडा टीमसमोर वाचून दाखवायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

वयाचाही भाग आहे. वय वाढतं तसा करिअरचा आणि शिकण्याचा आकडा खाली येतो, 'आपली माणसं'चा वाढतो; संशोधनात हे दिसलेलं आहे. निवृत्तांची आणि कॉलेजची बेरीज एका सरासरीत घालणाऱ्याला मधलाच एक माणूस मिळतो, जो प्रत्यक्षात कुठेच नसतो.

आता काय नाही ते. मुंबईत लोक ज्यामुळे येतात त्यातली तीन कारणं या तीस वाक्यांत नाहीतच. पहिलं ऋण: आईवर उपचार चालू असताना कुणीतरी धावपळ केली होती, म्हणून आता मी दुसऱ्यासाठी करतो. हे मूल्यांतही बसत नाही आणि विसाव्यातही नाही. तो चुकता करायचा हिशोब आहे, आणि असे लोक फार टिकतात. दुसरं सेवा: कामाला देवाचं काम मानणारे. गाडगेबाबांनी झाडूला कीर्तनाइतकाच मान दिला त्या महाराष्ट्रात हे खातं रिकामं ठेवणं परवडत नाही. तिसरं, सांगितलं म्हणून. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. ऑफिसातून बसने किनाऱ्यावर आणलेले कर्मचारीही याच रांगेत. करिअरची पाच वाक्यं नोकरी-व्यवसायाबद्दल आहेत. तास, हजेरी आणि साहेबांची इच्छा त्यांत नाही.

सक्तीचा परिणाम प्रश्नावलीच्या जनकांनीच पुढे तपासला. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना मुळात फारशी इच्छा नव्हती त्यांच्यावर काम लादलं, तर पुढे आपणहून येण्याची त्यांची तयारी आणखी घटते. निवडीची मोकळीक दिली की इतकी घटत नाही. तेव्हा कॉलेजचा गट आला की 'आज सगळ्यांनी हे करा' म्हणू नका. तीन कामं फळ्यावर लिहा आणि ज्याचं त्याला निवडू द्या. खर्च काहीच नाही.

मूळ तीस वाक्यांना धक्का न लावता शेवटी अ, आ, इ अशी तीन वाक्यं जोडा: 'आम्हाला कधी अशी मदत मिळाली होती, ती फेडायची आहे', 'हे काम मला पूजेसारखं वाटतं', 'कॉलेजने, ऑफिसने किंवा सोसायटीने सांगितलं म्हणून येणं झालं'. यांचे गुण सहा बेरजांत मिसळू नका, बाजूला वाचा. मिसळलेत तर दुसऱ्या संस्थेच्या आकड्यांशी तुलना संपली.

या साधनाचा सगळ्यांत उपयोगी भाग सहसा कुणी छापतच नाही. तीस वाक्यांच्या पुढे दुसरा भाग आहे, काही महिने काम झाल्यावर द्यायचा: प्रत्येक हेतूमागे दोन अशी बारा वाक्यं, तुला हे इथे मिळालं का विचारणारी, आणि त्यानंतर समाधानाची काही. पहिला कागद म्हणजे भूक, दुसरा म्हणजे ताटात काय पडलं. संस्था भूक मोजून अहवालात रंगीत तक्ता लावतात आणि ताट पाहतच नाहीत. शिकण्याचा आकडा अधिक १.६ असलेल्याला तीन महिने फक्त पाकिटं चिकटवायला बसवलं असेल, तर ते पहिल्या कागदावर कुठे दिसणार?

माणूस सोडून गेला की दोष त्याच्या 'कमी बांधिलकी'ला देण्याची सवय याच अर्ध्या वापरातून लागते. मुंबईत सोडून जाण्याची कारणं कितीदा तरी हेतूत नसून आपल्या आखणीत असतात. किनारा सफाईचं बघा. दर रविवारी सकाळी सात, असं पत्रक निघतं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत पावणेसहा तासांहून जास्त. म्हणजे या रविवारी सातला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी सातच्या सुमारास भरती. पहिल्यांदा आलेले पन्नास जण उत्साहाने परत येतात आणि पायाखाली वाळूच नसते. तिसऱ्या रविवारी वीस. प्रश्नावली काय करणार? तारखा भरतीच्या तक्त्यावरून ठरवा, पत्रकात वेळ दर वेळी वेगळी छापा आणि महापालिकेच्या वॉर्डाकडून गाडीची वेळ आधी पक्की करा. भरलेल्या गोण्या किनाऱ्यावर राहिल्या तर रात्रीची भरती त्या फोडून परत नेते, आणि ते पाहिलेला माणूस पुन्हा येत नाही.

अंध परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्या लेखनिकांचंही तसंच. अंध परीक्षार्थीला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. त्याआधी अर्धा तास पोचायचं. स्वयंसेवकाला 'तीन तासांचं काम' सांगितलं की तो त्यानंतर लगेच दुसरीकडे कबूल करून बसतो. शिवाय बऱ्याच परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. उत्साहाने नाव दिलेला पदवीधर तिथे चालत नाही आणि ते त्याला केंद्राच्या दारात कळतं. त्याची मूल्यं ३५ पैकी ३५ असोत. मेगाब्लॉकच्या रविवारी कल्याणच्या माणसाला दुपारची पाळी देणं हा याच जातीचा प्रकार.

तेव्हा निकाल असा. साठ-सत्तरच्या वर स्वयंसेवक, कामाचे निदान चार वेगळे प्रकार आणि सहा महिन्यांहून जास्त मुदत, एवढं असेल तर व्हीएफआय वापरण्याजोगी आहे: पहिला कागद रुजू झाल्यावर आठवड्याच्या आत, दुसरा तीन महिन्यांनी, तोच क्रमांक लावून. मराठी कागद नीट केला असेल तर भरायला पंधरा मिनिटं. ज्येष्ठांना वाचून दाखवायचा असेल तर पंचवीस धरा. मॅरेथॉनच्या पाणपोईसारख्या एक दिवसाच्या कामाला, किंवा रक्तदान शिबिराला, हा कागद काढूच नका. तिथे माणसाला टोपी, पाणी, उभं राहायची जागा आणि सुटायची वेळ सांगितली की झालं.

आणि वीस-पंचवीस जणांच्या गटाला तीस वाक्यं कशाला? समोर बसवून तीन प्रश्न विचारा. इथे कुणाच्या सांगण्यावरून आलात? सहा महिन्यांनी काय मिळालं तर वेळ सत्कारणी लागला असं वाटेल? याआधी असं कुठलं काम केलं होतं आणि ते का सुटलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गोड असतात. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या शब्दांत, जसंच्या तसं लिहून घ्या आणि पाळ्यांचा तक्ता करताना ते शेजारी ठेवा.